गरम रुमाल

सातऱ्यावर परत आली तं पह्यले निरंजनानं विचारलं,
काय खाल्लं व पुण्याले?
मी म्हटलं, मक्याची भाकर.
साऱ्या हासल्या. यमुना तं खोकलत खोकलत हासली;
ठसका कोणता अन् हासू कोणतं,
मिरचीच्या ढिगाऱ्यापाशी कळत नाही.

आता ऐका तं.
पोरगी घेऊन गेल्ती, मेक्सिको म्हणून देश आहे, त्याच्या हाटेलात.
दाराशी कोटवाला मानूस आपल्याले वाकून नमस्कार घालते.
आत एवढा अंधार का वाटलं, लाईन गेली.
टेबलावर एक मेणबत्ती अन् एक निवडुंग,
आपल्या धुऱ्यावर असते तसाच,
पण धुतलेला.

पोरीनं मोबाईलच्या उजेडात कार्ड वाचलं.
तीन घासाचे साडेआठशे.
हिशेब नाही करणार, असं कबूल केलं होतं तिले,
पण बोटं आपोआप मोजते:
किलोले बारा रुपये,
म्हणजे सत्तर किलोचे देठ,
सोमवार ते गुरुवार, चहाले न उठता.

भाकर आली. तळहाताएवढी,
मधात दुमडलेली, पोटात राजमा
अन् लोण्यावानी हिरवं काहीतरी.
वाढणारा पोट्टा म्हणे, तिखट आहे, सांभाळून खाजा.
मी खाल्लं.
वाट पाह्यली.
येऊन राह्यलं असंल तिखट, रस्त्यात असंल.

बशीच्या काठावर शोभेले एक सुकी मिरची होती,
देठासकट.
हात गेलाच माझा. कट्.
पोरगी म्हणे, आई!
देठ तसाच बटव्यात टाकला.
हा पाहा. आपल्याकडचा नोहे, बुडाशी जाड आहे.

मंग तो पोट्टा चिमट्यात धरून गरम रुमाल घेऊन आला,
गुंडाळलेला, लिंबाच्या वासाचा.
मी पुसले हात. नखात पुसले, बेचक्यात पुसले,
बावीस वर्षांचे हात.
तुमाले तं ठाऊक आहे, पोरगी तान्ही होती तवा
तिले काजळ मी कधी घातलं नाही.
सासू घाले. मी दुरून पाहो.

पोट्ट्यानं रुमाल उचलला
अन् दोन टेबलं पुढं जाऊन डोळा चोळला.

बाई व!
ताट पडलं, गिलास पडले, कोटवाला धावला,
पाणी आणा, पाणी आणा.
मी उठली. पाणी नोको म्हटलं, पाण्यानं आग पसरते.
टेबलावर आंबट साय होती,
बोटभर वाटीत, तिचे वेगळे एकशे साठ.
पातळाचा पदर बुडवला तिच्यात,
माझं बोट लागू न देता
ठेवला त्याच्या मिटल्या डोळ्यावर.
सारं हाटेल गप. गाणं तेवढं चालू.

नाव बिकास होतं त्याचं. गाव लांबचं, पहाडातलं.
म्हणे, हाताले काय लावता तुमी?
मी म्हटलं, लावत काही नाही बाबू.
निघत नाही.

गाडीत पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली.
मी विचारलं नाही.
किती झाले, ते तिनंबी सांगितलं नाही.
घरी गेल्यावर मात्र तिच्या चष्म्याच्या काचा पुसून दे म्हणे,
तूच पुस.

बरं, सरकव तो ढीग इकडं. काट्यावाला येऊन राह्यला.
काय म्हटलं?
भाकर?
गोड होती व.
थोडी कच्ची.