लांबी : माहीत नाही

आजवर आमच्या प्लेअरला फाइल तेवढी कळायची.
डिस्कवर असलेली, डोकं-शेपूट जागेवर.
चार मिनिटं अकरा सेकंद म्हणजे
चार मिनिटं अकरा सेकंद.
खालची पट्टी सज्जन कारकुनासारखी
डावीकडून उजवीकडे, वेळेवर घरी.

आता मी त्याला सांगतेय,
जे अजून आलेलंच नाही ते वाजव.

कॅनॉल रोडला राहते मी. कॅनॉल नाही.
बुजवला, वर डांबर टाकलं.
रिक्षावाला तरी बरोब्बर आणून सोडतो
नसलेल्या पाण्याच्या काठाशी.
अंबडची शिफ्ट संपवून साडेअकराला लॅपटॉप उघडते,
पॅनलच्या वायरींचा वास बोटांना तसाच.
आई विचारते, हे काम कोणाचं?
सगळ्यांचं, म्हणते मी.
म्हणजे कोणाचंच नाही, म्हणते ती
आणि पोळ्या झाकून ठेवते.

पहिला आठवडा नुसता तोतरा गेला.
नम. गप्प. स्का. गप्प.
मग मागचं सगळं एकदम, धक्काबुक्की करत.

वडिलांना ऐकवलं. ते पाटकरी होते,
डाव्या कालव्यावर एकतीस वर्षं, दाराची किल्ली कमरेला.
स्क्रीनकडे बघितलंच नाही त्यांनी.
"येईल तसं सोडतेस का तू?
येईल तसं सोडायचं नसतं गं.
आधी पाट भरू दे. कोरडा पाट
पहिलं पाणी स्वतःच पितो.
मग दार उचलायचं, चार बोटं."
किती वेळ भरू द्यायचा?
"टेलवाला शिव्या घालायला लागेल
त्याच्या जरा आधीपर्यंत."

त्या रात्री बफर लिहिला.
एक गोल टाकी, शेवट सुरुवातीला जोडलेला.
एका हातानं भरायची, दुसऱ्यानं उपसायची,
फक्त हातांनी एकमेकांना धरायचं नाही.
धरलं. दोन दिवस प्लेअर थिजून होता:
भरणारा म्हणे आधी तू रिकामं कर,
उपसणारा म्हणे आधी तू भर.
सुटलं एकदाचं, आणि टाकीला मी चार सेकंद ठेवले.
रीगाच्या यानिसनं कोड तपासताना विचारलं,
हा आकडा कुठून आणलास?
सिंचन विभागाकडून, असं कळवलं.
त्याला बहुतेक शोधनिबंध वाटला.
मी काही बोलले नाही.

चाचणीला वाहता आवाज हवा होता.
सय्यद पिंप्रीच्या पॅकहाउसमध्ये
मामेभावानं, हेमराजनं, क्रेटवर फोन ठेवला, माईक चालू.
रात्रपाळीच्या कात्र्या. कागदाची सळसळ.
कोणीतरी बाई: "थॉमसनचा घड आहे, देठाला धर."
सतरा किलोमीटरवरून, चार सेकंद शिळं,
अखंड.

फक्त पट्टीचं काय करायचं कळेना.
लांबी विचारली की पलीकडून उणे एक येतं.
उणे एक सेकंदाचं गाणं कसं काढू?
शेवटी पट्टी पुसली, तिथे लिहिलं : माहीत नाही.
वडील म्हणाले, "बरोबर.
आवर्तन किती दिवस चालणार, आम्हालाही
कागदावरच माहीत असायचं."

दीड वाजता आवाज गेला.
जुना प्लेअर म्हणाला असता, संपलं,
आणि खिडकी मिटून घेतली असती.
खरं तर सगळं काम एवढंच होतं,
संपणं आणि उशीर होणं
यातला फरक त्याला शिकवायचा.
आणि तो मलाच नीट येत नाही.
म्हणून लिहिलं : एक सेकंदानं विचार. नाही आलं,
तर दोन. मग चार. मग आठ.
चिडू नकोस. दार लावू नकोस.

वडील एक हेडफोन कानाला लावून बसले होते,
दुसरा माझ्याकडे.
"लाइट गेली असेल तिकडे."
असेल.
सोळा.
आई आतून, "झोपा आता."
बत्तीस.

आधी कुत्रं भुंकलं.
मग कात्र्या.