उच्छ्वास

व्याख्यान बरोबर साडेसहाला.
सहा एकोणतीसला अध्यक्ष घड्याळाकडे बघतात,
मी अध्यक्षांकडे,
आणि खटका दाबतो.
बावीस वर्षं या सभागृहाला आवाज पुरवतोय.
माझा स्वतःचा म्हणाल तर
हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन.
तीनच्या पुढं कधी कुणी मोजू दिलं नाही.

आज निजसुरेबाई.
विषय : पेठांखालची भुयारं, समज आणि पुरावा.
एकतीस डोकी. त्यातली चार पंख्यासाठी.
पहिल्या रांगेत कायमचे परचुरे, हातात पेन्सिल,
वक्त्याचा सन चुकायची वाट बघत.

बाई मऊ आवाजाच्या. जरा वाढवून द्यावं लागतं.
म्हणाल्या, प्रत्येक पेठेला आपलं एक भुयार असतं,
जसा प्रत्येक घरात एक न बोलणारा काका.
कुठं त्यातनं राणी निसटली,
कुठं घोडेस्वार रातोरात पर्वतीला पोचला,
कुठं मोहरांचे हंडे, वर नाग.
मग पडद्यावर नकाशा लावला,
कात्रजच्या तळ्यातून निघालेली निळी रेघ,
आणि एवढंच म्हणाल्या :
हे पाणी आहे.

नळ. दगडाविटांचा. वाकून चालता येईल एवढा.
मधूनमधून जमिनीवर आलेली त्याची तोंडं,
त्यांना म्हणायचे उच्छ्वास.
घोडा मावत नाही.
मी स्वतः टेप लावून पाहिलंय.

सभागृहातून एक घोडा निघून गेला,
हेडफोनमध्ये मला स्वच्छ ऐकू आलं.
खुर्च्या करकरल्या. कुणी तरी खोकलं.
माझाही होता तो, खोटं कशाला बोलू.
गंज पेठेत लहानपणी
आम्ही रस्त्याला कान लावून झोपायचो त्याच्यासाठी.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत, अशी पाटी आहे.
शेवटच्या रांगेतले लडकत उठले ते चिठ्ठीशिवाय.
"लिहिता येत नाय असं नाय. पण हे लिहिण्यातलं नाय."
अध्यक्षांनी घंटेवर बोट ठेवलं.
आणि मी, का कोण जाणे,
वायर ओढत माइक तिथवर नेला.

"माझे वडील उतरायचे त्यात. गाळ काढायला.
कमरेला दोर, हातात कंदील. वर दोर धरून माझा आजा.
घोडा आहे, म्हणायचे. दिसत नाय. येतो.
आधी लांबून. मग जवळून. मग अंगावरनं."

आणि म्हाताऱ्यानं जीभ टाळूला लावून
घोडा माझ्या माइकमध्ये सोडला.
टक् टका. टक् टका. टक्.
मागच्या भिंतीवर आपटून तो परत आला,
तेव्हा पंख्यासाठी आलेलेसुद्धा ताठ बसले.

पाणी ठिबकत असेल, असं बाई म्हणणार होत्या.
तोंड उघडलेलं मी पाहिलं.
म्हणाल्या नाहीत.
टिपणाचा कागद उलटा केला, कोरी बाजू वर,
आणि विचारलं,
"वडिलांचं नाव?"

"ते कशाला?"

"माझ्याकडे सगळं आहे हो.
विटा किती, चुना किती, बैलांना वैरण किती.
आत उतरलेला माणूस एकही नाही."

लडकतांनी नाव सांगितलं.
मग आजाचं. मग कपाळ चोळत आणखी दोघांची.
पाचव्याचं काही केल्या आठवेना,
तो नुसताच तात्याचा मेव्हणा.
बाईंनी तेही लिहून घेतलं, तात्याचा मेव्हणा.
"सन?" परचुऱ्यांनी विचारलं.
कुणी वळून पाहिलं नाही.
घंटा वाजायची राहून गेली.

आठ वीस. खुर्च्या रचून झाल्या.
वायर गुंडाळतोय,
कोपरापासून पंजा, कोपरापासून पंजा,
दुसऱ्या टोकाला कुणी असल्यासारखी जपून.
एक माइक बंद करायचा राहिला होता.
त्याच्यासमोर उभा राहिलो.
एक, दोन, तीन,
म्हटलं,
चार.