मेदून न्हावी सिनेमा सांगतो

चादरी माझ्या. म्हणजे हॉटेलच्या,
वाइनचे डाग न गेलेल्या,
मुकादमीण "फेकून दे" म्हणाली त्या चार.
दिवसभर परक्यांच्या गाद्यांवर ताणून ताणून
एक दिवस वाटलं, भिंतीवर ताणावी एखादी.
रात्री बसून चारी जोडल्या, दुहेरी टाक्याने.

कोपऱ्यात निळा शिक्का राहिलाय, ३१७.
कितीही घासा, जात नाही.
कुठल्याही सिनेमाच्या आभाळात तो उजवीकडे उगवतो
आणि पोरं ओरडतात, "झुल्मिराचा चंद्र!"

टेकडीखाली लिस्बन, दिव्यांनी माखलेलं.
टॅक्सी इथवर चढत नाही, नाही म्हणते.
सिनेमा चढतो,
महिन्याच्या शेवटच्या शनिवारी.
खुर्ची ज्याची त्याने आणायची.
इल्दामावशीची आरामखुर्ची चार भाचे उचलून आणतात,
मावशीसकट.

आजचा सेनेगलचा. वोलोफ भाषेतला.
खाली अक्षरं उमटायची, ती उमटलीच नाहीत.
आम्ही केप व्हर्देची माणसं, आमची क्रिओल,
शिवाय गिनीची दोन बिऱ्हाडं, अंगोलाचं एक.
वोलोफ येतं एकट्या मेदूनला,
जो अख्ख्या टेकडीची डोकी कापतो.
त्याच्या हातात माइक दिला.

आधी नीट सांगत होता,
"बाई म्हणते, मासळी आटली.
भाऊ म्हणतो, होडी विकू."
मग चढलीच त्याला.
"हा खोटारडा आहे, आत्ताच सांगून ठेवतो.
आणि ह्याचे केस कापले कुणी? विळ्याने?"
म्हातारी पाच वाक्यं बोलली,
मेदून म्हणाला, "नको म्हणते."
मग तिने नुसती मान हलवली
तर हा बोलतोय, बोलतोय,
तिचं माहेर, तिची सवत, शेळीची किंमत.
हसून हसून अंगोलावाल्यांचं स्टूल मोडलं.

मग ती पहाट आली.
किनारा. पोराचा एक पाय होडीत.
आई त्याच्या सदऱ्याचं बटण लावते,
लावलेलंच, पुन्हा.
आणि काहीतरी म्हणते, हळू.

आम्ही माइककडे बघितलं.
माइकमधून श्वास आला नुसता.
"काय म्हणाली रे?" इल्दामावशी.
मेदून बोलेना.
एकवीस वर्षं तो तिकडे गेलेला नाही,
हे सगळ्यांना ठाऊक.
पण गालावर वस्तरा असताना
कोण विचारतं?

अदेरितू सिनेमा संपल्यावर वाजवणार होता.
त्याने अकॉर्डियनचा भाता उघडला,
सूर नाही, आधी नुसती हवा.
मग कुणी लोखंडी पट्टीवर सुरी घासली, खर्र खर्र,
मग आम्ही बायांनी मांड्यांत गाठोडी धरली कापडाची
आणि लाद्या पुसणारे हात
त्यांच्यावर पडू लागले.
पडद्यावरची वल्ही तालात नव्हती.
आम्ही ताल बदलला.

होडी माझ्या शिवणीवरून गेली,
पहिल्या चादरीतून दुसरीत.
टाका सुटला नाही.
मग शिक्क्याखालून, मग बारीक, मग नाही.
सिनेमा कधी संपला कळलं नाही,
पांढऱ्या उजेडात आम्ही वाजवत होतो
आणि मावशी, गुडघ्यांची मावशी,
खुर्ची सोडून नाचत होती.

मंगळवारी धाकट्याला घेऊन गेले दुकानात.
मेदूनने त्याच्या गळ्याभोवती फडकं बांधलं,
आरशातून माझ्याकडे बघितलं.
"ती म्हणाली, मीठ घेतलंस का."
"समुद्रावर निघालेल्या पोराला?"
"हो ना," म्हणाला.
खरं की त्याच्या मनचं, कोण जाणे.
कात्री दोनदा हवेत वाजवली त्याने.
"बाजू बारीक करू?"