तोलाई बंद

शाहू मार्केट यार्ड, माडीवर, रात्री साडेदहा.
खाली गुळाचे रवे रचलेले, वर मुंगळे आणि मी.
सकाळच्या सौद्याआधी
तोलाईचं मॉड्यूल बंद करायचंय.
काटा आता वायरीनं बोलतो,
मधे माणूस नको, असं समितीत ठरलंय.

कॉन्फिग फाइलमध्ये एकच ओळ.
'ट्रू' खोडलं, 'फॉल्स' लिहिलं, सर्व्हर उठवला.
तोलाई गप.
मग हमाली रुसली. मग अडत.
मग पट्टीच छापेना.
लॉगमध्ये लाल अक्षरांत जो तो
तिचंच नाव घेऊन बसलेला.

सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं हे जावात,
मोठ्या तोऱ्यात:
सगळं सुटं आहे, हवं ते लावा, नको ते काढा.

खाली पायरीवर तातोबा शिंत्रे, तंबाखू मळत.
उद्यापासून काम नाही, तरी आलेले.
"काय मुजावर बाई, चालू हाय न्हवं?"
"तुमच्याबिगर उठंना झालंय."
हसले. चेष्टा वाटली त्यांना.

पहाटे तीनला 'आवश्यक'चं 'ऐच्छिक' केलं,
तोलाई नसेल तर काट्याला विचार, अशी वाट काढली.
उठली सगळी, कुरकुरत.
तिची जार फाइल मात्र फोल्डरमध्येच ठेवली.
असू दे, जागा कितीशी खाते.

पहिला रवा काट्यावर चढला.
तातोबांनी जाता जाता हात लावला,
"धा किलोला पावशेर कमी."
स्क्रीनवर नऊ किलो सातशे ऐंशी.

मधले तीस ग्रॅम कुणाचे,
अजून शोधतेय.