चालतेय ना

काळाचौकीचा महापालिकेचा दवाखाना,
भिंतीला खांद्यापर्यंत हिरवा रंग, वर चुना.
डॉक्टर फरीदा माझ्या दंडाला पट्टा गुंडाळतात,
रबरी फुगा दाबत विचारतात, "त्रास काही?"
"काही नाही. चालतंय."
पारा उतरताना त्या माझ्याकडे बघत नाहीत.
एकशे बासष्ट. खालचा शंभर.

अडतीस वर्षं मी लिफ्टा दुरुस्त केल्या.
फोर्टातल्या जाळीच्या दाराच्या, पितळी कडीच्या,
नंतर परळच्या टॉवरांतल्या,
ज्या बाईच्या आवाजात मजला सांगतात.
सोसायट्यांचे सेक्रेटरी सगळे एकाच आईचे.
सर्व्हिसिंगचा कागद पुढे केला की म्हणायचे,
"चालतेय ना, नार्वेकर? मग उगाच खर्च कशाला?"

दोर कसा तपासतात, सांगतो.
सुती चिंधी घ्यायची, जुन्या धोतराची असेल तर उत्तम,
दोराभोवती सैल धरायची
आणि लिफ्ट अगदी हळू सोडायची.
एकशे चौदा तारांतली एक जरी तुटली असेल
तरी तिचं टोक चिंधीत अडकतं.
डोळ्यांना दिसत नाही. आवाज करत नाही.
लिफ्ट चालतच असते,
माणसं वर जातात, भाजीच्या पिशव्या,
एकदा तर पियानो.

सायमन डिमेलो माझ्यासोबत एकवीस वर्षं.
चिंधी धरताना तो डोळे मिटायचा.
एकही तार सुटली नाही त्याच्या बोटांतून.
सकाळी डोकं जड व्हायचं त्याचं, मानेपासून.
बाम चोळायचा, पानपट्टीवर थांबायचा, कामाला लागायचा.
"एकदा पट्टा बांधून घे" असं मी म्हणालो नाही.
मी तरी कुठे बांधला होता?
ईस्टरच्या आदल्या रात्री, गोराईच्या घरी, मोरीत पडला.
आता डावा हात मांडीवर ठेवून बसतो,
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

डॉक्टर लिहून देतात : गोळी, रोज, बरं वाटलं तरी.
"बरं वाटलं तरी" खाली दोन रेघा.
मग पापड, सुकट, लोणच्याचा खार,
एकेकाची चौकशी करतात
सोयरिकीतल्या माणसांची करावी तशी.

घरी कुंदानं मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली.
तिचा हात पोचत नाही,
मलाच स्टुलावर चढून काढून द्यावी लागते.
पहिले आठ दिवस आमटी
कुणी रागावून केल्यासारखी लागली.
नवव्या दिवशी तूरडाळ लागली.
डाळीला स्वतःची चव असते
हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

आणि मी, लिफ्टवाला, जिने चढतो.
चौथा मजला.
तिसऱ्यावर थांबतो, कठड्याला हात,
कुणाच्या तरी दाराबाहेरच्या चपला मोजत असल्यासारखा.
बाजूनं लिफ्ट रिकामी वर जाते.
दोन मजल्यांच्या मधे एक बारीक चिर्र,
फक्त मला ऐकू येणारी.

खाली उतरून वॉचमनला सांगितलं,
"पाष्टे, रुळांना तेल नाही. कंपनीला कळव."
त्यानं मोबाईलमधून मान वर केली.
"चालतेय ना, काका?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो.
शर्टाच्या खिशात बामची डबी.
"वय काय रे तुझं?"
"एक्केचाळीस."
"उद्या नऊ वाजता माझ्याबरोबर चल."
"कुठे?"
"चिंधी फिरवायला."