तिसऱ्या दिवशीचं पाणी

दोन दिवस ईशान्येचं वारं
नॉर्थम्बरलंडचा किनारा सोलत होतं.
लँबर्ट खिडकीशी उभा राहून चहा ओतायचा,
म्हणायचा, "आज नको. आज समुद्र
स्वतःच्याच कामात आहे."

पहिल्या दिवशी मी ऐकलं नाही.
दीडशे ग्रॅमचं शिसं, त्याला तारेची नखं,
तरी लाटेनं ते मिनिटात वाळूवर आणून टाकलं.
तंगुसाला शेवाळ इतकं,
की ओल्या घोंगडीसारखं ओढावं लागलं.
बोटं आखडली. आमिष गेलं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला,
लाट मात्र अजून विसरली नव्हती.
पाणी गाळ न बसलेल्या कॉफीसारखं.
भरतीच्या रेषेवर वस्तऱ्यासारखे लांबट शिंपले,
फुटलेले, आतलं मांस अजून हलणारं.
"पान वाढलंय," लँबर्ट म्हणाला,
आणि गळ टाकला तो अगदी जवळ,
पहिल्या फेसामागच्या चरात.

नोव्हेंबर. चारलाच अंधार.
काठीच्या टोकानं दोनदा मान हलवली,
मग तंगूस सैल.
गेला, मी म्हणालो.
तो काही बोलला नाही. मागे मागे चालत राहिला,
भराभर गुंडाळत,
आणि त्या सैलपणाच्या दुसऱ्या टोकाला
काहीतरी आपणहून आमच्याकडे येत होतं.

कॉड. चारेक किलो.
कंदिलाखाली पोट फाडलं तर आत
सात खेकडे, शिंपल्याचं पातं, मूठभर वाळू:
दोन दिवसांचं वादळ, नीट गिळलेलं.

लँबर्टनं सुरी लाटेत धुतली.
"उद्या पाणी निवळेल," म्हणाला,
जरासं वाईट वाटल्यासारखा.