नव्वद मिली

नाव बदलून सांगते. सुमली म्हणू या.
अलीराजपूरकडची. दहा हजार मीटर.
इंदुरात भंवरकुआच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर खोली.
पहाटे पाच ते सहा मी इथे सापडेन,
असं तिनंच लिहून दिलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी.
पाच वाजून सात मिनिटांनी मी बेल दाबते.
बेल बंद. कडी वाजवते.

एकाच पायात मोजा घालून ती दार उघडते.
"मॅडम, आत्ताच जाऊन आले."
सगळ्याच असं म्हणतात.
मी ओळखपत्र दाखवते: शैलजा कोरान्ने, नमुना संकलन,
आणि तिथून पुढे माझ्या नजरेआड तिला
चहाचं आधणही ठेवता येत नाही.

मग वाट पाहणं. पगार त्याचाच.
बंद बाटल्यांतली एक ती निवडते, सील फोडते, पिते.
भिंतीवर वेळापत्रक: सोमवारी चौदा किलोमीटर,
मंगळवारी चारशेच्या वीस फेऱ्या,
रविवारी आराम. आरामावर लाल रेघ,
शेजारी वेगळ्या अक्षरात: बायपास, बावीस.
सरांचा फोन येतो. "ते आलेत," ती म्हणते,
वीज तोडायला माणसं आल्यासारखं.

मोरीत नियम असा: बनियन छातीपर्यंत वर,
बाह्या कोपराच्या वर, आणि मी बघायचं.
सात वर्षांची झाल्यावर
तिच्या आईनंही असं बघितलं नसेल.
कमरेची हाडं खुंट्यांसारखी, पंचा टांगावा अशी.
पेल्यात पन्नास मिली.
नव्वद लागतात. पुन्हा पाणी, पुन्हा खुर्ची.

तेवढ्यात फॉर्म भरून घेते.
सात दिवसांत काय काय घेतलंस?
लोहाची गोळी, आठवली तर. क्रोसिन, दोनदा.
"आणि ते येत नाही, ते लिहायचं?"
ती हिंदीत बोलते, माझ्या कानात ते मराठीतच शिरतं.
"काय येत नाही?"
"महिन्याचं. दिवाळीपासून."
खाली गणपतीच्या मांडवाचे बांबू उतरत होते.
"सर म्हणाले, बरंच झालं. आता खरी धावपटू दिसतेस."

मी रकाना शोधते.
गोळी, सुई, सलाईन, पावडर:
आत काय गेलं त्याला सात ओळी.
आतून काय गेलं त्याला एकही नाही.
मी डॉक्टर नाही; काय बोलायचं नाही ते मला पाठ आहे.
तरी सांगते, शेवटी शेऱ्याची जागा असते,
तिथे खेळाडू हवं ते लिहू शकते.
ती पेन चावते. लिहिते:
पाणी गार होतं. धन्यवाद.

डबा कुरिअरला देऊन घरी येते तो
माझी मुलगी पोटाशी गरम पिशवी धरून
भिंतीकडे तोंड करून पडलेली, शाळेला दांडी.
एरवी बोलले असते.
त्या दिवशी तिच्या पायांवरची चादर सारखी केली फक्त.

निकाल आला: काही सापडलं नाही.
खरंच होतं ते.
पौषातल्या स्पर्धेत सगळ्या एकाच रेषेवरून सुटल्या,
अठराव्या फेरीला ही आतल्या गवतावर बसली.
नडगीला तडा.

फाल्गुनात तिचं नाव पुन्हा माझ्या यादीत.
तीच खोली, तीच बेल, अजून बंद.
कुबडी टेकत येते. वेळापत्रकाच्या जागी
चिकटपट्टीचे चार कोपरे,
खिडकीत मक्याच्या रोट्यांचा डबा, गावाहून आलेला.
मोरीपर्यंत माझा खांदा धरते.
तेवढं नियमात बसतं.
उंबऱ्यावर थांबून म्हणते,
"आज लाल दिसेल, मॅडम. परवा आलं."
आणि हसते, कुणाला तरी मागे टाकून आल्यासारखी.

मी घड्याळ बघून वेळ लिहिते, पाच एकोणीस.
पेला भरून येतो:
एकशे दहा, एका दमात.